साडेचार सेकंदांचा इशारा

स्टुडिओत तिला सगळे सुसाटबाई म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट एखादा नवखा "मॅडम" म्हणाला, की ती मागे वळून बघायची, आपल्या पाठीमागे कोण येऊन उभं राहिलं म्हणून.

काम तिचं एवढंच, की रेडिओवर पैसे गुंतवायच्या योजनांच्या ज्या जाहिराती लागतात, त्यांच्या शेवटी असलेला सावधगिरीचा इशारा म्हणायचा. इशारा असलाच पाहिजे, असा नियम होता. तो किती वेगाने म्हणायचा, याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. त्यामुळे तीस सेकंदांच्या जाहिरातीतले साडेपंचवीस सेकंद पियानो, बाळाचं खिदळणं आणि एका नटाचा मधाळ आवाज खाऊन टाकायचे. उरलेल्या साडेचारांत सुसाटबाईंनी बाकी सगळं कोंबायचं. धड वाचायला पंधरा सेकंद लागतील असा मजकूर ती साडेपाचात उरकायची आणि वरचा एक सेकंद रेकॉर्डिस्ट तिचे श्वास कापून वाचवायचा.

"बाई, तुमचे इतके श्वास साठलेत माझ्याकडे," तो काचेपलीकडून म्हणायचा, "एखादा माणूस वर्षभर जगेल त्यांवर."

"मग विका की. व्याजही येईल," ती म्हणायची.

जिभेला हा वेग वडिलांमुळे आला होता. वडील वीज कंपनीत मीटर वाचायला होते. दिवसभर जिने चढून-उतरून, अंधाऱ्या कोपऱ्यांतल्या मीटरांवर टॉर्च मारून ते छोट्या वहीत आकडे टिपायचे आणि संध्याकाळी घरी बसून ते ऑफिसच्या मोठ्या तक्त्यांत उतरवायचे. तोवर डोळे चुरचुरायला लागलेले असत. म्हणून वही मुलीच्या हातात. ती घडाघडा आकडे म्हणायची, ते लिहायचे. आई लवकर गेली, भावंड कोणी नाही; त्या घरात संध्याकाळचा आवाज म्हणजे हे आकडेच. बारा-तेरा वर्षं तिने ते वाचले आणि एकदाही चुकीचा आकडा गेला नाही. "पोरीने वाचलं म्हणजे पुन्हा बघायला नको," असं ते ऑफिसात सांगायचे, आणि खरोखरच कधी बघायचे नाहीत.

पुढे तिने रेडिओवर निवेदिकेची परीक्षा दिली. नापास झाली. परीक्षक म्हणाले, आवाज छान आहे, पण बाई तुम्ही कुठे गाडी पकडायला निघालात का? त्याच बोलण्यावरून एका जाहिरातवाल्याने तिला हेरलं. मध्ये लग्न झालं आणि दोन वर्षांत संपलं. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही. वडिलांकडे परतली आणि अकरा वर्षं शेवटचे साडेचार सेकंद बोलत राहिली. ती काय बोलत होती, याचा विचार तिने केला नव्हता. कुठे ओठ मिटायचे, कुठली दोन अक्षरं एकमेकांत मिसळली तरी चालतील, याचाच विचार असायचा. आठवड्याला पाच-सहा इशारे. घर चालत होतं.

वडिलांचा एक दोस्त होता. कोपऱ्यावर त्याचं सलून, दोन खुर्च्यांचं. एक दिवसाआड सकाळी वडील तिथे दाढीला जायचे, तीस वर्षं. सलूनवाला त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तो त्यांना "मीटरसाहेब" म्हणायचा. सुसाटबाई त्याला काका म्हणायची. त्याच्या दुकानात आरशाच्या वर रेडिओ होता. जाहिरातीतला पियानो वाजला, की काका गालावरचा वस्तरा उचलून हवेत धरायचे आणि गिऱ्हाइकांना दटावायचे, "गप बसा दोन मिनिटं. मीटरसाहेबांची लेक बोलणार आहे."

सगळं सलून कान टवकारून बसायचं. साडेचार सेकंद सुळ्ळकन निघून जायचे.

"काय बोलते हो!" कोणीतरी म्हणायचं. "एक शब्द कळला तर शपथ."

"तुला कळायला ते काय सिनेमाचं गाणं आहे?" काका म्हणायचे. "कायद्याचं असतं ते. कायद्याचं बोलायला शिकलेलं माणूस लागतं." आणि वडील फेसाने माखलेल्या तोंडाने आरशात हसायचे.

निवृत्त झाल्यावर वडिलांच्या हातात एकरकमी पैसे आले. त्यांनी ते वर्षभर बँकेत ठेवले. मग घरं बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीने लोकांकडून पैसे उभे करायला रोखे काढले. बँकेपेक्षा साडेतीन टक्के जास्त व्याज. रेडिओवर दिवसातून तीस वेळा जाहिरात लागायची. एजंट सलूनमध्येच आला. त्याने फॉर्म पुढे केला, दोनशे बारा पानांचं माहितीपत्रकही दिलं. द्यावंच लागायचं, नियम होता. वडिलांनी ते हातात घेऊन वजन बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"ही तीच ना कंपनी, जिच्या जाहिरातीत शेवटी एक बाई बोलते?"

"तीच तीच," एजंट म्हणाला.

वडिलांनी सही केली. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि दुकानाचा गाळा विकत घ्यायला बावीस वर्षं साठवलेली रक्कम त्यांनीही तिथेच लावली. लेकीला सांगायचं नाही, असं ठरलं. पैसे तिच्याच म्हातारपणासाठी होते. पाच वर्षांनी हातात ठेवून तिला चकित करायचं, असा वडिलांचा बेत. माहितीपत्रक त्यांनी कपाटात जुन्या तक्त्यांच्या खाली सरकवून ठेवलं.

कंपनी दोन वर्षंसुद्धा टिकली नाही.

बातमी आली त्या दिवशी सुसाटबाई स्टुडिओतून दुपारीच घरी आली. वडील वर्तमानपत्र पसरून त्यावर नखं कापत बसले होते. ती चप्पल काढता काढता म्हणाली, "ऐकलंत का बाबा? ती घरंवाली कंपनी बुडाली. मालकाने सगळे पैसे मेव्हण्याच्या कंपन्यांत फिरवले म्हणे. बरं झालं, आपल्यातलं कोणी नव्हतं त्यात."

वडिलांनी मान वर केली नाही. एक नख अर्धवट कापलेलं तसंच ठेवून ते उठले आणि मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू राहिला.

संध्याकाळी काका आले. दुकान उघडं टाकून आले होते, गळ्यात टॉवेल तसाच. दारातूनच म्हणाले, "मीटरसाहेब, आता काय करायचं?" मग त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, की हिला अजून काहीच ठाऊक नाही. त्यांनी तो टॉवेल काढून हातात घेतला आणि त्याची घडी घालत बसले. घडी झाली की उलगडायचे, पुन्हा घालायचे.

त्या संध्याकाळी सगळं बाहेर आलं. किती गेले, कोणाचे गेले, आणि कशावरून लावले तेही. वडिलांनी आवाज न चढवता सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "बाळ, तू त्यात म्हणायचीस ते नक्की काय होतं गं?"

तिला वाटलं, आपल्याला म्हणताच येणार नाही. सावकाश ते वाक्य तिने कधी उच्चारलंच नव्हतं. ती टेबलाशी बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली. "या रोख्यांमधील गुंतवणूक जोखमीची आहे. मुद्दल किंवा व्याज परत मिळेल याची कोणतीही हमी नाही. पैसे गुंतवण्यापूर्वी माहितीपत्रक आणि त्यात दिलेले धोके काळजीपूर्वक वाचावेत."

वडील टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "मग हे असं का नाही सांगितलंस?"

तो आरोप नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. साडेचार सेकंदच मिळतात बाबा, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी ते माहितीपत्रक काढलं. "वाच," म्हणाले. रोज दुपारी ती वाचायची, तेही सावकाश, कळलं नाही तिथे थांबून. काका दुकान बंद करून यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. कंपनीवर किती दावे आहेत, कुठल्या जमिनींची कागदपत्रं अपुरी आहेत, हे सगळं छापलेलं होतं. अकराव्या दुपारी एकशे सत्तेचाळिसावं पान आलं. मुंग्यांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की संचालकांच्या नातेवाइकांच्या सात कंपन्यांना विनातारण कर्जं दिली आहेत आणि ती वसूल होतील की नाही याबद्दल लेखापरीक्षकांनी शंका नोंदवली आहे.

वडिलांनी हात वर केला. "हे आधीपासून छापलेलं होतं? आपण पैसे भरले तेव्हा?"

"हो बाबा."

"म्हणजे चोरी सांगून केली."

काका त्यावर हसले. त्या सगळ्या दिवसांत ते एकदाच हसले, आणि ते हसू ऐकवत नव्हतं.

उरलेली पासष्ट पानं कोणी वाचायला सांगितली नाहीत.

पुढे नियामक मंडळाने सुनावणी ठेवली. हॉल भरून लोक आले होते, बहुतेक पांढऱ्या केसांचे, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. वडील, काका आणि ती मागून तिसऱ्या रांगेत होते. कंपनीचे वकील उभे राहिले. माणूस उर्मट नव्हता. शांतपणे बोलत होता.

"माझ्या अशिलाने काहीही लपवलेलं नाही," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे प्रत्येकाला माहितीपत्रक दिलं. सगळे धोके त्यात आहेत. शिवाय रेडिओवरून नऊ हजारांहून जास्त वेळा इशारा दिला. लोकांनी वाचलं नाही, ऐकलं नाही, त्याला कंपनी काय करणार?" आणि पुरावा म्हणून त्यांनी जाहिरात लावली.

पियानो वाजला. बाळ खिदळलं. मग साडेचार सेकंद.

सुनावणी घेणारे अधिकारी पुढे झुकले. "पुन्हा लावा." पुन्हा लावली. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी चष्मा काढला. "मला 'गुंतवणूक' आणि 'वाचावेत' एवढं लागलं. मधलं काय आहे?"

वकील कागद शोधू लागले. तेव्हा ती उठली. उठायचं तिने ठरवलं नव्हतं. वडिलांनी दंड धरून खाली ओढलं, तरी ती उभीच राहिली.

"साहेब, तो आवाज माझा आहे."

हॉलमधली डोकी एकदम वळली. अधिकाऱ्यांनी तिला पुढे बोलावून विचारलं, की हा मजकूर इतका भरभर म्हणायला कोणी सांगितलं होतं का.

"सांगावं लागत नाही," ती म्हणाली. "भरभर म्हणते म्हणूनच मला बोलावतात. कळेल असं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई असते."

"तुम्हाला ठाऊक होतं, हे लोकांना कळत नाही?"

"हो."

"मग?"

"कळू नये याचेच पैसे मिळायचे, साहेब. अकरा वर्षं घेतले."

मग त्यांनी तिला तो मजकूर घरच्या माणसाला सांगावा तसा सांगायला लावला. तिने सांगितला. घरच्या माणसाला एकदा सांगून झालाच होता. मागे कोणीतरी बाई हुंदका दाबत होती. ती परत जागेवर आली, तेव्हा काकांनी पाय आखडून तिला वाट दिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

निकाल आठ महिन्यांनी लागला. कंपनीने तेव्हाच्या नियमाचा भंग केलेला नाही, इशारा दिलेला होता, असं त्यात म्हटलं होतं. नियमच अपुरा होता, तो बदलावा. यापुढे इशारा बाकीच्या जाहिरातीच्याच वेगाने म्हणावा लागेल. पैसे फिरवल्याबद्दल मालकावर वेगळा खटला चालेल आणि कंपनीची मालमत्ता विकून जे येईल ते वाटलं जाईल. शंभराला अठरा मिळाले तर मिळाले, तेही काही वर्षांत. नव्या नियमाने सुसाटबाईंचा धंदा एका दिवसात बसला. आता मधाळ आवाजाचा नटच इशाराही म्हणायचा. रेकॉर्डिस्टने तिला चहा पाजला आणि बराच वेळ माइकच्या वायरी गुंडाळत राहिला. तिने पुढे डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी धरली.

काकांचा गाळा मालकाने दुसऱ्याला विकला. ते लेकीकडे, दुसऱ्या गावी निघाले. जायच्या आदल्या दिवशी सकाळी ते घरी आले, वडिलांना खिडकीशी बसवून त्यांनी निगुतीने दाढी केली. ती जिन्यापर्यंत सोडायला गेली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं का, बेटा?"

"शब्द माहीत होते, काका."

"शब्द माहीत होते," ते म्हणाले, मान हलवली, आणि कठड्याला धरून उतरून गेले.

वडील तिच्यावर कधीच रागावले नाहीत. रागावले असते तर ते भांडण होऊन संपलं तरी असतं. ते फक्त बदलले. आधी घरात येणारा प्रत्येक कागद तीच वाचून दाखवायची. विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, पेन्शनचं पत्र. आता त्यांनी एक भिंग आणलं. ती म्हणायची, "बाबा, गोळी जेवणानंतर आहे." ते म्हणायचे, "हो हो. बघतो हं जरा," आणि उजेडाला बसून, डबीवरची अक्षरं एकेक करून लावायचे. पंधरा-पंधरा मिनिटं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. बोलणं तिने मुद्दाम इतकं सावकाश करून टाकलं होतं, की दवाखान्यातले लोक तिला आजारी समजत.

एकदा पेन्शन ऑफिसचं पत्र आलं, हयातीचा दाखला द्या म्हणून. तिने ते दोनदा वाचून दाखवलं, तारीखही सांगितली. चार दिवसांनी शेजारच्या शाळामास्तरीण जिन्यात भेटल्या. बाई साध्या, सहज म्हणाल्या, "अगं, तुझ्या बाबांनी परवा ते पेन्शनचं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. तुला वेळ नसतो का हल्ली?"

"नसतो," ती म्हणाली. "फार काम असतं."

मग ती वर गेली आणि वडिलांना चहा दिला.

दोन वर्षांनी वडील गेले. आधी हाताला कंप आला, मग पाय गेले, आणि एका दुपारी झोपेतच संपले. पैशाचा पहिला हप्ता त्यांच्यामागे पाच महिन्यांनी आला. शंभराला सात. तो तिच्या नावावर करून घ्यायला चौदा सह्या लागल्या. सही करण्यापूर्वी तिने प्रत्येक पान वाचलं. खिडकीमागचा कारकून दोनदा घड्याळाकडे बघून शेवटी जेवायला निघून गेला.

ते पैसे एका पाकिटात घालून ती बसने काकांच्या गावी गेली. लेकीच्या घराच्या जिन्याखाली त्यांनी एक लाकडी खुर्ची मांडली होती, भिंतीला हातभर आरसा. गिऱ्हाईक नव्हतं. तिला पाहून ते उठले, खुर्ची झटकली आणि तिलाच बसायला दिली. आरसा समोर आला म्हणून ती वळून बसली.

"बाबा गेले, काका."

"कळलं मला."

तिने पाकीट पुढे केलं. "त्यांचा हप्ता आलाय. तुम्ही त्यांच्यामुळे लावलेत. हे तुमचे."

"माझाही आलाय. सात टक्के," काका म्हणाले. त्यांनी पाकिटाला हात लावला नाही. "ते तुझ्यासाठी ठेवले होते त्यांनी. तू ठेव."

"माझ्याच्याने ठेववत नाहीत."

"मग माझ्याच्याने तरी कसे ठेववतील?"

पाकीट तिच्या मांडीवर राहिलं. रस्त्यावरून एक सायकल गेली. काकांनी फडक्याने कात्री पुसायला घेतली, जी आधीच स्वच्छ होती.

"शेवटी शेवटी दाढी कोण करायचं त्यांची?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"नीट व्हायची?"

"नाही," ती म्हणाली. "कापायचं. हनुवटीखाली तर रोजच."

"तिथे उलटा भोवरा होता त्यांना," काका म्हणाले. "तिथे खालून वर घ्यायचं असतं. मला विचारायचंस की गं. मी आलो असतो." आणि फडकं तोंडाला लावून ते तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसले. ती खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी बसली. संध्याकाळच्या बसची वेळ होईपर्यंत दोघं तसेच बसून होते.